टरफले आणि गणित

मराठी घरात मूल चार-पाच वर्षांचे झाले की दोन गोष्टी त्याच्या कानावर हमखास पडतात. वर्गात पडलेली शेंगांची टरफले मी टाकली नाहीत, म्हणून मी ती उचलणार नाही, असे बाळ टिळकांनी गुरुजींना बजावले, ही एक. दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणिताबद्दल शाबासकी मिळताच लहानगे गोपाळ गोखले रडू लागले, ही दुसरी. या कथांत इतिहास किती आणि भक्तिभाव किती, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. दोहोंचे तात्पर्य मात्र आपण ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर उरकतो, आणि तेथेच चुकतो. न केलेल्या अपराधाचा दंड एकाने नाकारला, न केलेल्या कामाची शाबासकी दुसऱ्याला सोसवली नाही. सचोटी आणि स्वाभिमान यांचे नाते मुलाला समजावण्यास एवढे पुरेसे आहे.

हे दोघे पुढे आपल्या सुरतेतच समोरासमोर आले. तापीकाठच्या काँग्रेस अधिवेशनात २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळक व्यासपीठावर चढले. त्यांना बोलू देण्यात आले नाही. जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. हेन्री नेव्हिन्सन हे इंग्लिश पत्रकार तेथे हजर होते. टिळक हातांची घडी घालून जागचे हलले नाहीत, आणि अंगावर येणाऱ्या जमावापासून त्यांना वाचविण्यासाठी गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्याशेजारी उभे राहिले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. लक्षात घ्या, त्या दिवशी गोखले विरुद्ध पक्षाचे होते! पुढे फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तले, तेव्हा टिळकांनी स्मशानभूमीवर त्यांना ‘भारताचा हिरा’ म्हणून गौरविले. सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही तिसरी गोष्ट कितीशा घरांतून सांगितली जाते?

अर्थात केवळ गोष्टींनी काम भागत नाही. दाराशी वसुलीचा माणूस आला असता ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलालाच पाठवून सांगणारे घर सायंकाळी हरिश्चंद्राची कथा ऐकवू लागले, तर मूल कोणता धडा उचलील हे सांगायला नको.

आणखी एक विवेक हवा. तीन वर्षांचे मूल ‘गच्चीवर वाघ आला’ म्हणते, ते असत्य नव्हे. तो खेळ आहे. त्याला दरडावू नये. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक मौजेचा प्रयोग आहे. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा पेले फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच फोडला. अधिक वाईट कोण? लहान मुले बहुधा पंधरा पेलेवाल्याकडे बोट दाखवितात. हेतू त्यांना दिसत नाही, नुकसान दिसते. आपणही काचेची बरणी फुटल्यावर जो आकांत करतो, तो चार आण्यांच्या लबाडीवर करीत नाही. म्हणजे मुलाची ही समजूत आपणच पक्की करतो.

कबुलीला शिक्षा करावी काय, हा प्रश्न माता वारंवार विचारतात. आपल्या गुजरातेतलेच उदाहरण पाहा. मोहनदास गांधी पंधराएक वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला आणि पुढे वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. एक शब्दही ते बोलले नाहीत. प्रत्येक बापाला हे साधेल असे नाही. पण कबूल करणाऱ्याला मार आणि लपविणाऱ्याला सूट, असा उलटा न्याय तरी घरात नसावा. नुकसानीची भरपाई मुलाकडून अवश्य करून घ्यावी. पाहुण्यांसमोर त्याचा पाढा मात्र वाचू नये. चारचौघांत उतरलेला मान मुलाच्या मनात फार काळ सलतो.

‘लोक काय म्हणतील’ हा धाक म्हणजे स्वाभिमान नव्हे. लोकांच्या नजरेला भिणारा, नजर वळताच मोकळा होतो. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात पुडीतले हिरे जांगड म्हणून दुसऱ्याच्या हाती सोपविले जातात, तेथे माणसाची परीक्षा पाहणारा डोळा नसतानाच होते. आपल्या मुलांना हा शब्द ठाऊक असतो. त्याचा अर्थ घरी समजावून सांगावा.

आणि वाण्याने दहा रुपये जास्त परत दिल्याचे मुलाच्या ध्यानात आले, तर ‘जाऊ दे, त्याचे काय जाते’ असे न म्हणता ते परत करायला लावावे. ऊन असेल तर आईने सोबत जावे. दुकानात बोलायचे मात्र मुलानेच.