विश्लेषण : मोटारीचा सुटा भाग छोट्या विमानाला का चालत नाही?

सेस्ना कंपनीच्या अनेक जुन्या छोट्या विमानांतला अल्टरनेटर मूळचा फोर्ड मोटारीच्या अल्टरनेटरवरून आलेला. तसाच दिसणारा अल्टरनेटर मोटारीच्या दुकानात बराच स्वस्त मिळतो. तरीही अमेरिकेत तो प्रमाणित विमानाला परस्पर लावता येत नाही. हा नियम कंपन्यांच्या कमाईसाठीच आहे, अशी अनेक विमानमालकांची तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे.

मान्यताप्राप्त भाग कोणता?

अमेरिकेची हवाई नियामक संस्था ‘एफएए’ विमानाच्या आराखड्याला प्रमाणपत्र देते. त्यानंतर त्यात बसणारा सुटा भाग मूळ उत्पादकाचा, एफएएने मंजुरी दिलेल्या अन्य उत्पादकाचा किंवा नट-बोल्टसारखा ठरलेल्या मानकाप्रमाणे बनवलेला असावा लागतो.

दिसायला सारखा, मग फरक काय?

बोल्टचे पोलाद कोणते, ते तापवून किती कणखर केले, हे नुसते पाहून कळत नाही. मेकॅनिकला भरवसा ठेवावा लागतो तो कागदपत्रांवर. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले ‘पार्टनएअर’चे विमान समुद्रात कोसळून सर्व ५५ जण दगावले. शेपटीचा उभा भाग धडाला जोडणारे काही बोल्ट बनावट आणि कमी ताकदीचे असल्याचे तपासात आढळले. ते विमान मोठे होते, पण छोट्या विमानातही बोल्टचे काम तेच असते.

मालकांची अडचण खोटी आहे का?

नाही. अनेक छोटी विमाने पन्नास-साठ वर्षे जुनी आहेत. काहींच्या मूळ कंपन्या बंद पडल्या, भाग मिळत नाहीत. त्यासाठी नियमांतच एक वाट आहे. मालक स्वतःच्या विमानासाठी भाग बनवून घेऊ शकतो, मात्र तो मंजूर आराखड्याबरहुकूम असल्याची जबाबदारी त्याची. अनिवार्य नसलेल्या सुरक्षा उपकरणांसाठीही एफएएने २०१६ मध्ये मंजुरी सोपी केली.

मग योग्य काय?

अशा वाटा आणखी रुंद व्हायला हव्यात. कमी जोखमीच्या भागांना इंजिनाच्या भागांइतकीच कागदपत्रे मागितली, तर लोक चोरवाटा शोधणारच. पण गुपचूप बसवलेल्या भागाचे समर्थन होऊ शकत नाही. मालकाने धोका स्वतःपुरता पत्करलेला असतो. उद्या तेच विमान विकत घेणाऱ्याला किंवा त्यावर उड्डाण शिकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. लॉगबुकमध्ये नोंद नसेल, तर पुढचा मेकॅनिक तो भाग तपासणार तरी कसा?