आडनावाची ढाल विकत मिळते, वारसा नाही

ऑनलाइन दुकानात एखादे इंग्रजी आडनाव टाइप करा. त्या ‘घराण्याची’ ढाल छापलेला मग किंवा तसबीर लगेच समोर येते. ढालीवर सिंह, वर शिरस्त्राण, खाली लॅटिन ब्रीदवाक्य. दिसायला झकास, पण घराण्याचा पुरावा म्हणून बिनकामाची. मग आडनावाचा खरा वारसा कुठे शोधायचा? ‘साइक्स’ या एका आडनावाची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

ढाल नेमकी कोणाची?

इंग्लंडमध्ये मानचिन्हे देणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था १४८४ पासून आहे. तिथला नियम साफ आहे. मानचिन्ह आडनावाला नव्हे, व्यक्तीला मिळते आणि पुढे तिच्या वंशजांकडे जाते. केवळ आडनाव सारखे म्हणून कोणाचा त्यावर हक्क होत नाही.

साइक्स म्हणजे काय?

उत्तर इंग्लंडमध्ये ‘साइक’ म्हणजे लहानसा ओढा. त्याच्या काठी राहणारा तो साइक्स. यॉर्कशायरमध्ये हे आडनाव आजही भरपूर आढळते. बहुतेक इंग्रजी आडनावे अशीच साधी आहेत. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाव भाजणारा, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा.

डीएनएने काय सांगितले?

ओढे अनेक, म्हणजे साइक्स घराण्यांची मुळेही अनेक असणार, असा समज होता. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे नमुने तपासले. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची एकच खूण त्यातल्या जवळपास निम्म्या पुरुषांत सापडली. म्हणजे आजच्या साइक्स मंडळींचा मूळ पुरुष बहुधा एकच होता, असा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला.

उरलेले निम्मे कोण?

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. कुठे मूल दत्तक घेतलेले असेल, कुठे आईचे आडनाव लागले असेल, कुठे विवाहबाह्य संबंधातून मूल झाले असेल. एका पिढीत असे थोडेच घडते, पण वीसेक पिढ्यांत ते साचत जाते. म्हणून हे लोक ‘नकली’ साइक्स ठरतात का? मुळीच नाही. ज्या घराने त्यांना वाढवले, त्याचेच नाव त्यांनी पुढे नेले.

शिवाय हिशेब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेलो, तर वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. बापाकडून आलेले आडनाव त्यातल्या एकाच जागेकडे नेते. आई, आजी, पणजी यांची माहेरची घराणी त्या एका नावात दिसतच नाहीत. ज्या वारशात त्या नाहीत, त्याला अख्ख्या कुटुंबाचा वारसा कसे म्हणायचे?

मग शोध कुठे घ्यायचा?

थॉमस क्रॉमवेल यांच्या १५३८ च्या आदेशाने इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे सुरू झाले. अनेक नोंदवह्या आज काउंटीच्या अभिलेखागारांत आहेत. त्यात सिंह नाहीत, शिरस्त्राणे नाहीत. पण आई-आजीकडची नावे शोधायची वाट तिथे सापडू शकते. ढालीवर पैसे घालण्याआधी ती पाने उघडावीत. पूर्वज ओढ्याकाठचा साधा माणूस निघाला, तर त्यात कमीपणा कसला?