शेवाळाची आरंभीची शिल्लक

हुसेनसागरचे पाणी हिरवे दिसले की टँकबंडवरून जाणारा माणूस नाक दाबून म्हणतो, ‘एवढा पैसा ओतून काय उपयोग झाला?’ प्रश्न रास्त आहे, परंतु तो आजचे पाणी तेवढे पाहून विचारला जातो. शेवाळ मात्र कालच्या अन्नावरही जगते.

कुकटपल्ली नाल्याने वर्षानुवर्षे या तलावात मैला व कारखान्यांचे सांडपाणी आणले. त्यातील स्फुरद हे शेवाळाचे खाद्य. येथे माजणारे मायक्रोसिस्टिस (शास्त्रज्ञ आता त्याला जीवाणूंत धरतात, आपल्या लेखी मराठीत शेवाळ आणि कन्नडमध्ये पाची!) सुबत्तेच्या दिवसांत गरजेपेक्षा जास्त स्फुरद शोषून पेशीत साठवते. पुढे पाण्यातले स्फुरद संपले तरी त्या पुंजीवर पेशी आणखी दोन ते चार वेळा विभागू शकते. म्हणजे एकीच्या चार ते सोळा.

आता एकाच जातीच्या दोन पेशी घ्या. एक नाल्याच्या तोंडाशी पोसलेली, दुसरी उपाशी. दोघींना एकाच पाण्यात सोडले तर स्पर्धा बरोबरीची म्हणावी काय? टंचाईत पहिलीच पुढे जाणार, कारण तिच्या खात्यात मागील शिल्लक आहे. पण उपाशी पेशीही अगदीच दुबळी नसते. उपासमारीत ती शोषणाची यंत्रणा वाढवून ठेवते, आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर स्फुरद आले की अधिक वेगाने ओढून घेते. १९६८ साली ड्रूप या शास्त्रज्ञाने ब-१२ जीवनसत्त्व लागणाऱ्या एका सागरी शेवाळावरून दाखवले की, वाढीचा वेग पेशीच्या आतील साठ्यावरून ठरतो.

म्हणूनच नुसते पाणी तपासून तलाव सुधारला किंवा बिघडला असे जाहीर करणे मला पटत नाही. गल्ल्यातील रोकड मोजून ताळेबंद मांडणाऱ्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला कोणते प्राध्यापक गुण देतील? पेशीतील शिल्लक प्रत्येक विभाजनाला निम्मी होत लवकर संपते. तळच्या गाळातले स्फुरद मात्र चिवट. तळाशी प्राणवायू संपला की ते पुन्हा पाण्यात येते, आणि नाला वळवल्यानंतरही वर्षानुवर्षे पुरते. ही दोन्ही खाती तपासात यायला हवीत.

आपल्या वनस्पतिशास्त्राच्या मित्रांनी एवढे तरी करावे: नाल्याच्या तोंडाचे व पलीकडच्या काठाचे शेवाळ दोन बरण्यांत, एकसारख्या स्वच्छ पाण्यात ठेवावे आणि दोन आठवडे रोज मोजावे. बरण्यांचा खर्च आम्ही वाणिज्यवाले देऊ.