चिठ्ठीवरची गोळी आणि सुटी गोळी



‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका’ हा सल्ला आरोग्याच्या प्रत्येक सदरात असतो. सत्तरी गाठलेल्यांना तो पाळणे जमत नाही. गुडघा आज दुखतो, डॉक्टरांची वेळ परवाची मिळते आणि कोपऱ्यावरचे मेडिकल रात्री उशिरापर्यंत उघडे असते. तिथे स्ट्रिप कापून दोन गोळ्या हातात पडतात. तेव्हा उपदेश म्हाताऱ्यांना पुरे झाला. काउंटरमागच्या माणसाला प्रश्न विचारायला लावा.

त्या गोळ्या बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या असतात. ज्याला बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि जोडीला लघवीची गोळी चालू आहे, त्याच्या मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. लघवीच्या गोळीने अंगातले पाणी कमी झालेले असते, बीपीच्या गोळीने मूत्रपिंडातला गाळण्याचा दाब उतरलेला असतो आणि दुखण्याची गोळी तिथे येणारे रक्तच कमी करते. त्यात उन्हाळा किंवा जुलाब असतील तर मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना याच गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. (गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे कळल्यावर सरकारने 2006 साली ते जनावरांसाठी बंद केले. आजोबांना मात्र ते मागताक्षणी मिळते.)

सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामाइनने प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, गुंगीत तोल जातो. खोकल्याच्या काढ्यातले ज्येष्ठमध रोज बरेच पोटात गेले तर बीपी चढवते. पण ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून ते डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

हृदयाचे डॉक्टर आपली चिठ्ठी पाहतात, हाडांचे आपली. सुटी गोळी कुणाच्याच चिठ्ठीवर नसते. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या देणारे आणि ही सुटी गोळी देणारे दुकान मात्र बहुतेक वेळा एकच असते. म्हणून जबाबदारी तिथे टाकावी असे मी म्हणतो. कायदा नवा करायला नको. डायक्लोफेनॅक ‘शेड्यूल एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम असल्याचे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही आहे.

गर्दीत एवढे कोण विचारत बसणार, असे दुकानदार म्हणतील. ‘बीपीची, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?’ हे विचारायला सुटे पैसे मोजण्याइतकाही वेळ लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे: अनेक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि औषध देतो तो कामावरचा पोरगा. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी मुदत संपलेला माल शोधताना काउंटरवर फार्मासिस्ट उभा आहे का, तेही पाहावे. नसेल तर त्या दिवशी दुकान बंद ठेवायला लावावे.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा