पहिल्या गोळीआधी

गेल्या दिवाळीत कारेगावी आमच्या आत्याबाईंचा घसा धरला, ताप भरला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिले. मी पहिली गोळी हातावर ठेवणार, तोच आत्या म्हणाल्या, "अरे, मागं पेनिसिलिनच्या सुईनं माझं तोंड सुजलं होतं!"

मी तसाच माघारी पळालो. दोन्ही औषधे एकाच कुळातली! डॉक्टरांनी गोळी बदलली.

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. त्याने असंख्य जीव वाचवले. पण ज्याला ते सोसत नाही, त्याच्या जिवावरही बेतू शकते.

तेव्हा वाचकहो, पूर्वी कोणते औषध बाधले, सध्या कोणत्या गोळ्या-काढे चालू आहेत, दिवस गेले आहेत का, हे आधीच सांगा. डॉक्टर नाडी पाहतात, पत्रिका नव्हे!