नाव मागाहून सांगा

एकादशीच्या दुपारी गडावरचं दर्शन उरकलं, उपासाची भगर-आमटी झाली की आम्हा आठ-नऊ जणींचा एक खेळ रंगतो. राग ओळखायचा. एकीने मोबाइलवर अर्धा मिनिट आलापी लावायची, बाकीच्यांनी राग सांगायचा. गायक ओळखला तर वरचे दोन गुण. मध्ये मध्ये माहितीचे प्रश्न. नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. भजन-कीर्तनाला इथे तोटा नाही, पण बायका शास्त्रीय संगीताचा खेळ खेळतात म्हटलं की बीडच्या पाहुण्यांनाही नवल वाटतं. वाटू दे.

माहितीच्या प्रश्नांना फार मजा येते. कोणत्या गायिकेची भैरवी अवकाशात फिरते आहे? केसरबाई केरकर! १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावरच्या सोन्याच्या तबकडीत भारतातून तेवढंच एक गाणं गेलं. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्यातली एक आजी बराच वेळ आभाळाकडे बघत बसली होती. कोणत्या गायिकेचं गाव धरणात बुडालं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं? मोगूबाई कुर्डीकर, गोव्यातलं कुर्डी. 'संगीत रत्नाकर' हा ग्रंथ लिहिणारा शार्ङ्गदेव कुठल्या दरबारी होता? देवगिरीच्या, यादवांच्या, तेराव्या शतकात. म्हणजे आपल्या मराठवाड्यातच की! दुष्काळ आणि मागासलेपणाशिवाय आपलं नाव आणखी कशाने घेता येतं, हे कळलं की बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

माझा आवडता प्रश्न मात्र स्वयंपाकघरातला आहे. घरातली कोणती वस्तू वाद्याला लागते? शिकलेल्या जणी विचारात पडतात आणि भजनी मंडळातल्या बायका एका सुरात ओरडतात, "कणीक!" पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. पखवाजात पद्मश्री मिळवणारे शंकरबापू आपेगावकर आपल्याच जिल्ह्यातले, अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे, हेही त्याच सांगतात.

पण रागाच्या फेरीला याच बायका गप्प होतात. तिथे जिंकतात त्या ज्यांनी कधीकाळी संगीताचा क्लास केला, गांधर्वच्या प्रारंभिक-प्रवेशिका दिल्या. भजनातल्या बायका भांडी विसळायला उठतात. सुरुवातीला मला वाटायचं, रस नसेल. रस कसा नसेल? ज्यांचं आयुष्य टाळाच्या नादात गेलं, त्यांना सुरांत रस नाही असं कोण म्हणेल?

मागच्या श्रावणातली गोष्ट. आलापी देसकाराची होती. क्लासवाल्या दोघींनी सूर मोजले, म आणि नी नाही, आणि झटक्यात सांगितलं, भूप. तेवढ्यात दाराशी बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "हे सकाळचं हाय. काकड्याला म्हणतो तसलं. सांजंचं बी असंच एक हाय, पण ते खाली बसतंय. ह्ये वरच ऱ्हातंय." मी थक्क झाले. भूप आणि देसकार, दोघांचे सूर तेच पाच. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, त्याचा जीव गंधारावर, खालच्या अंगात. देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतावर, वरच्या अंगात. पुस्तकात याला पूर्वांग-उत्तरांग असे जड शब्द आहेत. तिने ते 'खाली बसतंय, वर ऱ्हातंय' इतक्यात सांगून टाकलं. आणि तिला गुण मिळाले शून्य. का? तर नाव नाही सांगितलं!

यावरून आमच्यात चांगलं वाजलं. आमच्या गटातल्या शिक्षिकाताईंचं म्हणणं, नियम तो नियम. नावाशिवाय गुण दिले तर उद्या कुणीही काहीही सांगेल. त्यांचं अगदीच खोटं नाही. नाव असलं की गोष्ट दुसऱ्याला सांगता येते, लिहून ठेवता येते. पण अहो, राग आधी आले की त्यांचे थाट? विष्णू नारायण भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि मग दहा थाटांची मांडणी केली. गाणाऱ्यांच्या गळ्यात ते सगळं आधीपासून होतंच. आणि त्या मांडणीतही भूप कल्याण थाटात, देसकार बिलावल थाटात. सूर तेच, घरं दोन! म्हणजे नुसते सूर मोजून भागत नाही, हे पुस्तकही कबूल करतं. मग जिने कानाने तो फरक पकडला तिला शून्य देणारा खेळ कसला?

शेवटी माझ्या हट्टाने नियम बदलला. राग कोणत्या वेळचा, कुठे ऐकला, कशासारखा लागतो हे सांगितलं तरी निम्मे गुण. त्याच सुरांत एखादी चाल म्हणून दाखवली तर पूर्ण. नाव सगळ्यांत शेवटी, सगळ्यांना. मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटात किंवा भिशीत हा खेळ घ्याल तर असाच घ्या. पहिल्याच दिवशी भैरवी लावा. भजनाची सांगता कशाने होते, हे भजनात बसलेल्या बाईला विचारावं लागत नाही.

त्या देसकारवाल्या बाईबद्दल मात्र सांगायलाच हवं. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते ती पाडव्याच्या सुमाराला परतते. आणि काकडा असतो कार्तिकात, कोजागरीपासून. ज्या चाली तिला इतक्या पक्क्या येतात, त्या लग्नानंतर तिला देवळात बसून पुऱ्या महिनाभर ऐकायला मिळालेल्याच नाहीत. आईच्या मांडीवर ऐकलेलं आणि पहाटे फडात मोळ्या बांधताना स्वतःशी म्हटलेलं, एवढीच तिची तालीम. क्लास लावू शकणाऱ्या आपल्या मुलींना गाण्याची परीक्षा द्यायला लावताना मला हे हटकून आठवतं.

गेल्या कार्तिकात आम्ही काकड्याच्या चाली मोबाइलवर भरून तिच्या मुलाच्या फोनवर पाठवल्या. चार दिवसांनी उत्तर आलं. मागे ट्रकची घरघर, कुणाची तरी हाक आणि मधून तिचा आवाज, एक चाल गुणगुणणारा. शेवटी म्हणाली, "वळखा आता तुमी." पाच जणींनी पाच नावं सांगितली आहेत. शिक्षिकाताई अजून वही घेऊन बसल्यात.