तुटके दुवे आणि नवी रंगरंगोटी

आपल्या बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळांत ‘नूतन संकेतस्थळाचे लोकार्पण’ नावाचा एक सोहळा आता चांगलाच रूढ झाला आहे. नारळ वाढतो, पाहुणे कळ दाबतात, पडद्यावर रंगीत मुखपृष्ठ उमटते आणि टाळ्या पडतात. जुन्या संकेतस्थळावरील लेखांचे, स्मरणिकांचे, कुलवृत्तान्तांचे काय झाले, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारीत नाही. विचारणारा अरसिक ठरतो. तो अरसिकपणा पत्करून प्रस्तुत लेखक असे म्हणू इच्छितो की, जुने दुवे तोडून उभारलेले नवे संकेतस्थळ ही प्रगती नव्हे. तो वाचकाशी केलेला वचनभंग आहे.

अनुभवाचे एक उदाहरण देतो. एका मंडळाने (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची छायाप्रत संकेतस्थळावर ठेवली होती. तीत आमच्या घराण्याच्या स्थलांतराची हकीकत होती. छापील प्रती वाळवीने आणि घरांच्या वाटण्यांनी केव्हाच संपविल्या होत्या. म्हणून त्या पानाचा पत्ता मी टिपणवहीत लिहून ठेवला आणि नातवंडांनाही कळविला. पुढे नातीने परदेशातून तो उघडला, तेव्हा ‘४०४ – पान सापडले नाही’ एवढेच उत्तर आले. चौकशी केल्यावर कळले की, स्मरणिका नष्ट झालेलीच नव्हती. ती त्याच सर्व्हरवर, दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप पडून होती. नवे स्थळ बांधताना पत्ता तेवढा बदलला होता! “साइटवर शोधा, सापडेल,” असे पदाधिकारी म्हणाले. परंतु छायाप्रत म्हणजे अक्षरांचे चित्र. त्यातील मजकूर यंत्राला वाचता येईल अशी सोयच केलेली नसेल, तर शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच या विषयावर एक टिपण लिहिले. पत्ते आपण होऊन बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, असा त्याचा आशय. घर बदलताना आपण टपालखात्याला नवा पत्ता कळवितो. तशी सोय सर्व्हरवरही आहे. ‘३०१’ या संकेताने जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप कायमच्या नव्या पत्त्याकडे वळविला जातो. पान हेतुपुरस्सर काढले असेल, तर ‘४१०’ हा संकेत तसे स्पष्ट सांगतो. त्यासाठी जुन्या आणि नव्या पत्त्यांची समोरासमोर मांडलेली एक यादी पुरते. मुखपृष्ठाच्या रंगावर तीन-तीन बैठका घेणाऱ्या कार्यकारिणीला ही यादी जड का जावी?

यावर दिली जाणारी उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, वेबचा स्वभावच क्षणभंगुर. प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, हे खरे. परंतु परक्याचे घर पडणे आणि आपण आपला जिना तोडणे यांत भेद आहे. २००९ साली जिओसिटीज बंद झाले, २०१४ साली ऑर्कुट. ते थांबविणे आपल्या हाती नव्हते. आपले फोल्डर आपल्या हाती होते. शिवाय बाहेरच्या पडझडीवरही उपाय आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जतन करीत आहे आणि २००१ पासून त्या सर्वांना खुल्या आहेत. त्यांच्या आधारे विकिपीडियावरील ९० लाखांहून अधिक तुटके दुवे ऑक्टोबर २०१८ पर्यंत सांधले गेले होते.

दुसरे उत्तर : मेलेले दुवे काढून टाकू. सूचीतून नाव खोडल्याने ग्रंथ परत येत नाही. तो होता याची खूणही जाते. तिसरे उत्तर सर्वांत लबाड : सारे जुने पत्ते एकदम मुखपृष्ठाकडे वळवून देऊ. मग तपासणीत दोष दिसत नाही; मात्र आजोबांचा लेख शोधीत आलेल्या वाचकापुढे नववर्षाच्या शुभेच्छा झळकतात.

तुटके दुवे शोधण्याचे काम अवघड नाही. ‘झेनू’सारखा किंवा डब्ल्यूथ्रीसीचा दुवे तपासणारा प्रोग्राम एकामागून एक पाने उघडून मृत पत्त्यांची यादी देतो. त्याहून मोलाची असते सर्व्हरची नोंदवही. कोणत्या बंद दारावर लोक पुनःपुन्हा येऊन परत जातात, हे तीच सांगते. म्हणून दुरुस्तीचा आरंभ तेथून करावा. तरीही शेवटी माणसाचा डोळा हवाच. एखाद्या संस्थेने आपल्या नावाचे शुल्क भरले नाही आणि ते नाव जुगाराच्या जाहिरातवाल्याने उचलले, तर यंत्र ‘२००, सर्व ठीक’ असेच म्हणणार. दुवा उघडतो, पण तो आता भलत्याच घरी नेतो, हे वाचणाऱ्यालाच कळते.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या मंडळांच्या वाचनालयांत ग्रंथमोजणी होते. सूचीत नोंद आहे आणि फडताळात ग्रंथ नाही, ही ग्रंथपालाला लाजेची गोष्ट वाटते. मग संकेतस्थळाला निराळा न्याय का? महाराष्ट्रातील लेखनाची काळजी वाहण्यास तेथे शासन आहे, विद्यापीठे आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या घराघरांच्या हकीकती कोण राखणार? त्या बहुधा आपल्याच अंकांत आहेत, आणि ते अंक वाळवीच्या तोंडी आहेत.

म्हणून सभासदांना विनंती आहे. संकेतस्थळाचे नाव ठेकेदाराच्या नव्हे, संस्थेच्या मालकीचे असावे. नव्या बांधणीच्या करारात जुना प्रत्येक पत्ता चालू ठेवण्याची अट असावी. ग्रंथमोजणीप्रमाणे दरवर्षी दुव्यांची मोजणी व्हावी आणि कोणते तुटले, कोणते सांधले, याची यादी हिशेबपत्रकासोबत वार्षिक सभेपुढे यावी. ती यादी मिळेपर्यंत नव्या रंगरंगोटीच्या खर्चाला हात वर करू नका.